शालेय वेळापत्रकातले तंत्रज्ञान

गरज ओळखणे, तिच्यावर उपाय आखणे, तो हाताने घडवणे आणि घडलेली वस्तू कसाला लावून पुन्हा सुधारणे, या चार कामांची सवय मुलांना लावणे हा शालेय तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शिक्षणाचा गाभा आहे. सहावी ते दहावी ही वर्षे त्यासाठी सर्वांत सोयीची. या वयात हत्यार नीट धरण्याइतकी ताकद हातात आलेली असते, गुणोत्तर-प्रमाण आणि भूमिती यांची ओळख झालेली असते, आणि चुकले तर हसे होईल ही भीती अजून मनात घर करून बसलेली नसते.

या शिक्षणाची गल्लत नेहमी दोन गोष्टींशी केली जाते. पहिली संगणक वापरायला शिकण्याशी. संगणक हे तंत्रज्ञानाचे एक फळ आहे. ते वापरता येणे आजच्या मुलांना आवश्यकच आहे, पण पडद्यावरचे सादरीकरण सुबक करता आले म्हणून गळका नळ का गळतो हे कळत नाही. दुसरी गल्लत व्यवसाय शिक्षणाशी. आयटीआयमधला फिटर किंवा वायरमन हा अभ्यासक्रम विशिष्ट रोजगारासाठी माणूस तयार करतो. दहावीनंतर कोण काय होणार, याचा शालेय तंत्रज्ञान शिक्षणाशी थेट संबंध नाही. पुढे वकील होणाऱ्या मुलीलाही घरातली वीज कोणत्या वाटेने फिरते, भिंत कशावर उभी राहते आणि एखाद्या कामाचा खर्च कसा काढतात, हे माहीत असायला हवे. गणित आणि भाषा सर्वांना शिकवतात त्याच न्यायाने हा विषय सर्वांचा आहे.

विज्ञानाशी त्याचे नाते जवळचे असले तरी दोघांची कामाची रीत वेगळी आहे. विज्ञानाच्या तासाला बहुधा एक बरोबर उत्तर असते. तंत्रज्ञानात अनेक उत्तरे चालतात, मात्र प्रत्येकाला पैसा, साहित्य, वेळ आणि वापरणारा माणूस या मर्यादांत बसावे लागते. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने माध्यमिक-पूर्व वर्गांसाठी आखणी आणि तंत्रज्ञान यांवर काम केले, तेव्हा पिशवी बनवणे, वजन उचलणाऱ्या पवनचक्कीचे प्रारूप बनवणे आणि बाहुल्या बनवून त्यांचा खेळ करणे असे तीन प्रकल्प तयार झाले. ग्रामीण, शहरी मराठी माध्यमाच्या आणि शहरी इंग्रजी माध्यमाच्या अशा वेगवेगळ्या मुलांबरोबर ते पडताळून पाहिले गेले. मुलांनी आधी गटात चर्चा करायची, मग चित्र काढायचे, साहित्याची यादी करायची, कोण काय करणार ते ठरवायचे आणि त्यानंतरच वस्तूला हात लावायचा, असा त्यांचा क्रम होता. शेवटी एका गटाने दुसऱ्या गटाच्या वस्तूचे परीक्षण करायचे.

पवनचक्कीचे उदाहरण जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. पाती वाऱ्याला अगदी आडवी ठेवली तर वारा त्यांच्यावर नुसता आदळतो आणि चक्र फिरत नाही. वाऱ्याच्या दिशेने अगदी सरळ ठेवली तर वारा मधून निघून जातो. या दोन्हींच्या मधला कोन शोधावा लागतो. दोरा ज्या दांड्यावर गुंडाळला जातो तो जाड असेल तर एका फेऱ्यात जास्त दोरा गुंडाळला जातो, पण वजन उचलायला जोर अधिक लागतो. दांडा बारीक केला की वजन हळूहळू वर येते, पण येते. दांडा ज्या भोकात फिरतो ते खरबरीत असेल तर सगळी मेहनत घर्षणात जाते. तरफ, घर्षण, वर्तुळाचा परीघ हे धडे मुलांनी पुस्तकात वाचलेले असतात. इथे त्यांतला कोणता धडा आत्ता कामाचा, हे मुलांनाच ठरवावे लागते. ही निवड करता येणे म्हणजेच अभियांत्रिकीची सुरुवात.

सार्वजनिक शाळांत हाताच्या कामाला स्थान द्यावे हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात खेड्यांतल्या प्राथमिक शाळांमधून शेतीचे मूलभूत ज्ञान द्यावे, असा आग्रह धरला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीमची योजना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. सूतकताई-विणकाम, सुतारकाम, शेती असा एखादा उद्योग मध्यभागी ठेवून गणित, भाषा, इतिहास त्याच्याभोवती शिकवायचे, अशी ती कल्पना होती. कल्पना खोल होती. तिच्या वाट्याला आलेली माणसे आणि साधने तुटपुंजी होती. त्याहून मोठी अडचण समाजाच्या मनात होती. हातकाम हे विशिष्ट जातींकडे सोपवलेले आणि म्हणून हलके, ही समजूत शतकानुशतके मुरलेली. ज्यांना परवडत होते त्यांनी आपली मुले जुन्या धाटणीच्या शाळांतच ठेवली आणि नई तालीम गरिबांचे शिक्षण ठरली. पुढच्या जवळजवळ प्रत्येक योजनेला हाच शिक्का चिकटला.

स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशीय माध्यमिक शाळा सुचवल्या. त्यांत तांत्रिक शाखाही होती. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव सर्व इयत्तांत असावा असे म्हटले. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याच विचाराला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे रूप दिले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १९९० पर्यंत १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के विद्यार्थी व्यवसाय शिक्षणाकडे वळवण्याचे लक्ष्य ठेवले. ते गाठले गेले नाही. महाराष्ट्रात तांत्रिक विद्यालये उभी राहिली. यंत्र, विद्युत आणि आरेखन यांची ओळख आठवीपासून करून देणाऱ्या या केंद्रांत आसपासच्या शाळांतली मुले ठरलेल्या दिवशी जात. पिढ्यान्‌पिढ्या उत्तम कारागीर आणि अभियंते त्यांतून घडले, पण ती होती शहरांत आणि तालुक्याच्या गावी, मोजक्या ठिकाणी. बाकीच्या हजारो शाळांच्या वाट्याला आला तो वेळापत्रकातला 'कार्यानुभव' हा तास. कागदाची फुले, खडू, अगरबत्ती, फिनेल यांवर तो भागवला जाई आणि परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकला जाई.

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या गावी झालेला प्रयोग वेगळा उठून दिसतो. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले संशोधक. अमेरिकेत इलिनॉय इथे पीएच.डी. करून ते हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात काम करत होते. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचा हा प्रकल्प होता. पाबळ त्यांनी मुद्दाम निवडले: पाऊस कमी, जमीन कोरडवाहू, जवळपास कोणताही उद्योग नाही. इथे जमले तर कुठेही जमेल, असा त्यांचा हिशेब होता. मूल शाळेत येण्यापूर्वी बोलायला, चालायला, असंख्य गोष्टी करायला शिकते ते प्रत्यक्ष करूनच. शाळेने तीच नैसर्गिक रीत पुढे चालवावी, एवढे साधे त्यांचे प्रतिपादन होते.

त्यातून आठवी ते दहावीसाठी ग्रामीण तंत्रज्ञान हा विषय तयार झाला आणि १९८७ मध्ये राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला मान्यता दिली. पुढे तो 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख', इंग्रजी आद्याक्षरांनी आयबीटी, या नावाने पसरला. त्याचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, आणि गृह व आरोग्य. प्रत्येक विद्यार्थ्याने चारही विभागांत काम करायचे. मुली वेल्डिंग करतात, मुले स्वयंपाक आणि शिवणकाम करतात, आणि यात सूट कोणालाच नाही. ही अट या अभ्यासक्रमाची फार मोठी देणगी आहे, कारण पर्याय ठेवला की मुली शिवणाकडे आणि मुलगे लोखंडाकडे जाणार हे ठरलेलेच असते.

आयबीटीच्या रचनेत तीन गोष्टी निर्णायक ठरल्या. आठवड्यातला एक पूर्ण दिवस या विषयाला दिला गेला, त्यामुळे काम अर्ध्यावर सोडून हत्यारे आवरण्याची वेळ येत नाही. शिकवायला गावातले वा परिसरातले हातकाम जाणणारे लोक निदेशक म्हणून आले. पाबळच्या निवासी अभ्यासक्रमातून तयार झालेले तरुणही त्यांत होते. आणि मुलांनी केलेले काम शक्य तिथे गावाच्या उपयोगाचे असावे, असा नियम राहिला. शाळेचे मोडलेले बाक, फेरोसिमेंटची टाकी, शोषखड्डा, घरातली वायरिंग, माती-पाणी परीक्षण, रक्तातल्या हिमोग्लोबिनची तपासणी, अशी ही कामे असत. ज्या वस्तूवर उद्या कोणीतरी बसणार आहे ती वस्तू घडवताना मूल वेगळ्याच काळजीने वागते.

लोखंडी स्टूल बनवण्याचे काम घेऊ. पंचवीस बाय पंचवीस बाय तीन मिलिमीटरचा अँगल बाजारात किलोवर मिळतो, पण लागतो तो मीटरमध्ये. मग एका मीटरचे वजन किती? अँगलच्या छेदाचे क्षेत्रफळ काढायचे: दोन पाखे पंचवीस मिलिमीटरचे, जाडी तीन, कोपरा दोनदा मोजला जाऊ नये म्हणून तीन वजा. सत्तेचाळीस गुणिले तीन म्हणजे १४१ चौरस मिलिमीटर. एक मीटर लांबीचे घनफळ १४१ घन सेंटिमीटर. पोलादाची घनता ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली की वजन येते सुमारे १.१ किलो. स्टुलाला किती मीटर लागेल ते चित्रावरून काढले की खर्चाचा अंदाज तयार होतो, आणि दुकानदाराचा वजनकाटाही तपासता येतो.

पुढचे काम आखणीचे. टेपने माप घ्यायचे, गुण्या लावून रेघ ओढायची, हॅक्सॉच्या पात्याची जाडी कापताना खाल्ली जाते ती हिशेबात धरायची. वरची चौकट तीस सेंटिमीटरची असेल तर चार तुकडे जुळवून कोपऱ्यांना आधी नुसते टाके मारायचे आणि दोन्ही कर्ण मोजायचे. कर्ण सारखे, म्हणजे ४२.४ सेंटिमीटरच्या आसपास आले तर चौकट काटकोनात आहे. एक कर्ण अर्ध्या सेंटिमीटरने मोठा आला की हलक्या हातोडीने चौकट सरळ करून पुन्हा मोजायची. पूर्ण वेल्डिंग करतानाही एकाच बाजूने सलग गेले तर थंड होताना आकसणारा धातू चौकट ओढून घेतो. म्हणून समोरासमोरचे कोपरे आलटूनपालटून घ्यायचे. शेवटी कानस, रेड ऑक्साइड आणि रंग. पायथागोरसचे प्रमेय, घनता, उष्णतेने होणारे प्रसरण आणि आकुंचन, टक्केवारी असे सगळे एका स्टुलात येते. शाळेच्या पुस्तकांत हेच धडे वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात. कारखान्यात नोकरी मिळाली नाही तरी ही जोडणी डोक्यात कायम राहते.

पाबळने काळाबरोबर चालणेही सोडले नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांच्या कल्पनेतून आलेल्या फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर कापणारी-कोरणारी यंत्रे एकत्र असलेली कार्यशाळा, या साखळीतली एमआयटीबाहेरची सुरुवातीची एक शाखा २००२ मध्ये पाबळला उघडली. कलबाग २००३ मध्ये वारले, पण काम थांबले नाही. राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा आल्यावर आयबीटीच्याच धर्तीवर शाळांसाठी बहुकौशल्य अभ्यासक्रम तयार झाला आणि तो महाराष्ट्राबाहेरच्या सरकारी शाळांतही पोचला.

गेल्या दशकातला विस्तार मात्र मुख्यतः वेगळ्या वाटेने झाला. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानातून २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी अटल टिंकरिंग लॅब उघडल्या गेल्या. प्रत्येक शाळेला एकूण २० लाख रुपये: १० लाख प्रयोगशाळा उभारायला आणि १० लाख पाच वर्षांपर्यंत ती चालवायला. त्रिमितीय छपाईयंत्र, अर्डुइनोसारखे छोटे नियंत्रक, सेन्सर, मोटारी आणि साधी हत्यारे तिथे असतात. अशा सुमारे दहा हजार प्रयोगशाळा देशात झाल्या आणि फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात येत्या पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार उभारण्याची घोषणा झाली. गोव्यात राज्य सरकारने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी सरकारी आणि अनुदानित शाळांत कोडिंग व रोबोटिक्सची 'केअर्स' योजना आणली. छोट्या राज्यात एकाच वेळी सर्व शाळांकडे जाण्याचा हा मार्ग सोयीचा आहे, आणि निवडक शाळांना बक्षीस दिल्यासारखी प्रयोगशाळा देण्यापेक्षा तो अधिक न्याय्यही आहे.

या प्रयोगशाळांचे मोल कमी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीने पहिल्यांदा सोल्डरिंगचा डाग दिला आणि दिवा लागला, तर तिच्या मनात जे उघडते ते कोणत्याही पुस्तकाने उघडत नाही. पण प्रयोगशाळा खोलीत असते आणि विषय वेळापत्रकात असतो. वेळापत्रकात जागा नसेल तर ती खोली प्रदर्शनाच्या आधी आठ दिवस उघडते, चार-पाच हुशार मुले ठरावीक संचातून काळ्या रेषेवर धावणारी गाडी जोडतात, आणि उरलेला वर्ग बाहेरून पाहतो. उत्साही शिक्षकाची बदली झाली की कुलूप लागते. किती प्रयोगशाळा उघडल्या हा आकडा त्यामुळे विस्ताराचे खरे माप ठरत नाही. प्रत्येक मुलाला वर्षात किती तास हत्यार हातात मिळाले, हे मोजायला हवे.

तासांचा हिशेब कठीण नाही. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि एक हजार तासांचे अध्यापन ठरवले आहे. आठवड्याला पस्तीस मिनिटांची एक तासिका दिली तर वर्षभरात हाती लागतात जेमतेम एकवीस तास, आणि त्यातलाही बराच वेळ साहित्य काढण्यात आणि ठेवण्यात जातो. आयबीटीसारखा आठवड्यातला एक दिवस म्हणजे शालेय वेळेचा जवळजवळ पाचवा-सहावा हिस्सा. या दोन टोकांमधली जागा नव्या आराखड्याने धरली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दप्तराविना दहा दिवस स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशांबरोबर काम करण्याची सूचना केली आणि २०२५ पर्यंत शाळा व उच्च शिक्षणातल्या किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळावा असे म्हटले. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामांची तीन गटांत मांडणी केली: सजीवांबरोबरचे काम, यंत्रे आणि साहित्याबरोबरचे काम, आणि माणसांच्या सेवेचे काम. तिन्हींमधला एकेक प्रकल्प दरवर्षी, म्हणजे तीन वर्षांत नऊ. एनसीईआरटीने 'कौशल बोध' ही पुस्तके त्यासाठीच काढली आणि वर्षाला ११० तासांची तरतूद सुचवली. ११० तास मनापासून दिले गेले तर एका पिढीचे शिक्षण बदलू शकते. कागदावर भरले गेले तर कार्यानुभवाचीच पुनरावृत्ती होईल.

तासांनंतर प्रश्न येतो शिकवणाऱ्याचा. विज्ञानाच्या शिक्षकावर हा विषय टाकण्याची प्रथा आहे, पण विज्ञानाची पदवी घेताना त्याने स्वतः कधी वेल्डिंग केलेले नसते किंवा स्विचबोर्ड जोडलेला नसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांना कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशकांची तरतूद आहे. म्हणजे कायद्यात दार उघडे आहे. त्या दारातून कोणाला घ्यायचे आणि किती मानधनावर, यावर सगळे अवलंबून आहे. आयटीआय झालेला तरुण, गावातला गवंडी, शेतीपंप दुरुस्त करणारी व्यक्ती, दुग्धव्यवसायातली महिला, अशा लोकांना पुरेसे आणि नियमित मानधन, वर्षाकाठी काही दिवसांचे प्रशिक्षण आणि विज्ञान-गणिताच्या शिक्षकाची जोड दिली, तर वर्ग उभा राहतो. कारागीर कसे करायचे ते दाखवतो, शिक्षक ते तसे का होते याकडे लक्ष वेधतो. दोघांपैकी एकाने दोन्ही करावे अशी अपेक्षा ठेवल्यामुळेच आजवर बरेच प्रयोग फसले आहेत. सहा-आठ महिने थकलेले आणि दर वर्षी नव्याने मंजूर करावे लागणारे मानधन देऊन चांगला कारागीर टिकवता येत नाही, ही गोष्ट प्रशासनाने मान्य केली पाहिजे.

यंत्राला एकदाच पैसे लागतात, कच्च्या मालाला दर महिन्याला. वेल्डिंगचे रॉड, सोल्डर, वायर, प्लायवूड, सिमेंट, बियाणे, पीठ हे संपणार आणि संपलेच पाहिजे. सरकारी शाळेत इथेच घोडे अडते. अगदी छोट्या खरेदीलाही दरपत्रके मागवावी लागतात, मोडलेले पाते जडसंग्रह नोंदवहीत दाखवावे लागते आणि लेखापरीक्षणात त्याचे उत्तर द्यावे लागते. मुख्याध्यापकाला कपाट बंद ठेवणे सर्वांत सुरक्षित वाटते, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मोडतोड आणि झीज हा शिकण्याचाच खर्च आहे असे शासन निर्णयात स्पष्ट लिहून ठरावीक रक्कम मुख्याध्यापकाच्या हाती दिली, तर कपाटे उघडतील. साधनेही नेहमी महाग लागतात असे नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ ते २००२ या काळात सरकारी उच्च प्राथमिक शाळांत साध्या, स्वस्त संचांवर मुलांकडून प्रयोग करून घेतले. त्याच वातावरणात अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे सांगाडे बनवले आणि पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून टाकाऊ वस्तूंपासून बनणारी खेळणी हजारो मुलांपर्यंत नेली. ज्या शाळेत वीज सकाळीच जाते तिथे त्रिमितीय छपाईयंत्रापेक्षा सांगाड्यांचा तो संच अधिक तास वापरला जाईल. २०२३-२४ च्या यू-डायस आकडेवारीत संगणकाची सोय असलेल्या शाळा देशात सुमारे ५७ टक्के आणि इंटरनेट असलेल्या सुमारे ५४ टक्के होत्या. विस्ताराचा आराखडा उरलेल्या शाळांना धरूनच करावा लागेल.

सुरक्षिततेचे नियम थोडे पण न चुकता पाळायचे असतात. वेल्डिंगच्या ठिणगीतले अतिनील किरण डोळ्यांना भाजतात, म्हणून काळ्या काचेची ढाल फक्त करणाऱ्याला नव्हे तर पाहणाऱ्यांनाही हवी. विजेच्या प्रत्येक ओळीवर ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग हवे. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस फिरत्या यंत्राजवळ चालत नाहीत. निदेशकामागे वीस-बावीसपेक्षा जास्त मुले एका वेळी नसावीत; साठच्या वर्गाचे तीन गट करून त्यांना आळीपाळीने आणणे हाच त्यावरचा उपाय.

परीक्षेत ज्याला गुण नाहीत त्याला पालक आणि शाळा दोघेही किंमत देत नाहीत, हे कटू असले तरी खरे आहे. केवळ श्रेणी मिळणारा विषय जानेवारीनंतर वेळापत्रकातून नाहीसा होतो. पण लेखी परीक्षा घेतली की 'वेल्डिंगचे पाच फायदे लिहा' असे प्रश्न येतात आणि मुले गाइड पाठ करतात. होशंगाबादने यावर तोडगा काढला होता: पुस्तक उघडे ठेवून लेखी परीक्षा आणि सोबत प्रात्यक्षिक परीक्षा. तंत्रज्ञानासाठी मुलाची कामाची वही, त्यातली चित्रे, चुकलेले माप आणि त्यानंतर केलेली दुरुस्ती यांना गुण देता येतात. आयबीटीतही चित्र, खर्चाचा अंदाज आणि प्रत्यक्ष काम यांची नोंद ठेवली जाते. चूक कशी सापडली हे ज्या वहीत दिसते ती वही निर्दोष वस्तूपेक्षा अधिक सांगते.

परदेशांतले अनुभवही याच दिशेने बोट दाखवतात. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी १८६६ मध्ये हस्तकाम लोकशाळांत सक्तीचे झाले आणि आजही तिथली मुले-मुली लाकूड, धातू आणि कापड यांवर काम करतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २००१ मध्ये तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शालेय अभ्यासक्रमाच्या राज्यव्यापी आराखड्यात आणले. असे करणारे ते पहिले राज्य. इंग्लंडची कथा मात्र सावध करणारी आहे. तिथे १९९० पासून आखणी आणि तंत्रज्ञान हा विषय पाच ते सोळा वयोगटाला सक्तीचा होता. २००४ मध्ये चौदा वर्षांवरच्या मुलांसाठी तो ऐच्छिक झाला, पुढे शाळांचे मूल्यमापन इतर विषयांवर अधिक होऊ लागले, आणि या विषयाला बसणाऱ्या मुलांची संख्या उतरत गेली. शिक्षकही मिळेनासे झाले. एवढी रुजलेली व्यवस्था वेळापत्रकातली जागा सुटताच ढासळू शकते, तर भारतात नुसत्या योजनेच्या नावावर विसंबून चालणार नाही.

शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक केले आहे. तिच्यात किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असतात. शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम कायद्याने याच समितीकडे दिले आहे, आणि शासनाच्या योजना व अनुदान यांचा पाया म्हणून तोच आराखडा वापरायचा आहे. आठवड्यातले कोणते तास हाताच्या कामाला, कोणत्या कारागिराला निदेशक म्हणून बोलवायचे, कच्च्या मालाला वर्षाला किती रक्कम लागेल आणि प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे राहील, एवढ्या चार ओळी त्या आराखड्यात घालण्यासाठी कोणत्याही नव्या धोरणाची वाट पाहावी लागत नाही. ज्या पालकांची मुले अशा शाळेत आहेत, त्यांनी समितीच्या पुढच्या सभेत त्या मांडाव्यात.